यंत्र म्हणालं, सगळे आले!

"ब्रेकिंग न्यूज! आमचे पप्पा हरवले!" ब्रेकिंग ओरडला.

"हरवले कुठे? हे काय, समोर बसून केक खातायत," गट्टू म्हणाला.

पण जहाजाच्या स्पीकरमधून खरंच काकांचं नाव पुकारलं जात होतं. "आपण अजून जहाजावर परतलेले नाहीत. जहाज लवकरच सुटणार आहे. असाल तिथून ताबडतोब परत या!" काकांनी चमचा हवेतच धरला, छताकडे पाहिलं आणि त्यांना इतकं हसू फुटलं की ठसकाच लागला.

"घ्या! सकाळपासून मी या खुर्चीवरून हललो नाही आणि म्हणे परत या! थांबा, जरा तोंड दाखवून येतो त्यांना."

काका पोट सावरत चौकशीच्या टेबलाकडे गेले. ब्रेकिंग हा त्यांचाच मुलगा. घरातली कुठलीही गोष्ट, अगदी दूध उतू गेलं तरी, तो बातमी म्हणूनच सांगायचा, म्हणून हे नाव. गट्टू त्याचा चुलतभाऊ, वयाने सगळ्यांत लहान आणि प्रश्न विचारण्यात सगळ्यांत मोठा. आणि गट्टूची ताई ती सुतळी. उंच, काटकुळी, आणि एकदा डोक्यात काही शिरलं की गाठ सुटायची नाही अशी.

सुतळीला आज कशाचंच हसू येत नव्हतं. खिडकीबाहेर पाऊस होता. बेटावर निळं पाणी, पांढरी वाळू आणि लखलखीत ऊन असतं, असं काका महिनोन् महिने सांगत आले होते. प्रत्यक्षात पाणी राखाडी, वाळू राखाडी आणि आभाळ तर विचारूच नका! बेटावरची सहल सकाळीच रद्द झाली होती आणि टोप्या, गॉगल, उन्हाची मलमं सगळी बॅगेत तशीच पडून होती.

खरं दुःख मात्र पावसाचं नव्हतं. ही सहल मुळात आजीची होती. सगळ्यांनी मिळून मोठ्या जहाजातून एखाद्या बेटावर जायचं, हे तिनेच ठरवलं होतं, हट्टाने तिकिटंही काढायला लावली होती. आणि मग चार दिवसांच्या तापाने आजी गेली. "तिकिटं तर आहेतच, बदल होईल जरा," असं म्हणून मोठ्यांनी बॅगा भरल्या. आजोबांना यायचं होतं का, हे कोणी विचारलंच नाही. बॅग भरून हातात दिली, आजोबा आले.

जहाजावर आल्यापासून ते बिनखिडकीच्या खोलीत पडून असत. दाराच्या मुठीला 'झोपलो आहे, उठवू नये' ही पाटी. येता-जाता कोणी दारातूनच विचारी, "जेवलात ना?" आतून "हो" आलं की विचारणारा सुटला! सुतळीही तशीच सुटायची. आत जाऊन बोलायचं काय, तेच तिला कळत नसे, आणि म्हणून ती त्या दारावरून पाय न वाजवता जायची. त्याची तिला मनातून फार लाज वाटत होती.

"पण ताई," गट्टूने विचारलं, "काका इथेच होते, तर यंत्राला ते बाहेर गेले असं का वाटलं?"

"बिघडलं असेल," ब्रेकिंग म्हणाला.

"बिघडलेलं यंत्र एकट्या काकांनाच कशाला हरवेल?" सुतळी म्हणाली. "जहाजातून उतरताना दारापाशी यंत्रावर कार्ड टेकवावं लागतं. टेकवलं की टिंग वाजतं, आपला फोटो दिसतो आणि आपण बाहेर गेलो हे यंत्राला कळतं. काका उतरले नाहीत. म्हणजे त्यांचं कार्ड दुसऱ्या कोणीतरी टेकवलंय!"

"चोर!" गट्टूचे डोळे बशीएवढे झाले.

तेवढ्यात काका विजयी वीरासारखे परतले. "झालं काम! त्या ताईने मला डोळ्यांनी पाहिलं आणि तिथल्या तिथे मला 'परत आला' करून टाकलं. आता यंत्र म्हणतंय, सगळे आले! निघालंच आता जहाज."

"काका, तुमचं कार्ड दाखवा ना," सुतळी म्हणाली.

काकांच्या गळ्यात एक थैली होती आणि तिच्यात अख्ख्या घराची कार्डं. पहिल्यांदाच जहाजावर जाणाऱ्यांनी काय काय करावं, याचे सल्ले काकांनी वाटेत भेटेल त्याला दिले होते. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा! घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा, बेटाचं घड्याळ तासभर मागे असतं! आणि ज्याचं कार्ड त्याच्याच गळ्यात हवं! पण आपल्या माणसांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "तुम्ही हरवाल, त्यापेक्षा माझ्याकडे राहू देत," असं म्हणून सगळ्यांची कार्डं त्यांनी स्वतःच्याच गळ्यात अडकवली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

काकांनी थैली टेबलावर पालथी केली. मुलांची कार्डं होती. सुतळीच्या आईचं होतं, काकूचं होतं. काकांचं नव्हतं. आणि एक होतं, जे तिथे असायलाच नको होतं.

"हे तर आजोबांचं!" ब्रेकिंग म्हणाला.

"छे, बाबांना मी सकाळीच दिलं. आले होते मागायला. फिरून येतो म्हणाले."

"तुम्ही बघून दिलंत?"

"अगं, तोंडात घास होता... सगळी कार्डं सारखीच दिसतात!" काका जरा चपापले, पण लगेच सावरले. "परत आले असतील केव्हाच. पाटी लावून झोपले असतील. उगाच उठवू नका त्यांना." आणि जहाज सुटतानाची चित्रफीत काढायला ते मोबाइल घेऊन वरच्या डेकवर निघून गेले.

सुतळी आजोबांचं कार्ड उचलून धावली आणि मागोमाग ते दोघं. दारावर पाटी होती. आज मात्र सुतळीने पाय वाजवले, दारही वाजवलं. उत्तर नाही. कार्ड लावून दार उघडलं, तर पलंगावरच्या चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. आजोबांची काळी छत्रीही जागेवर नव्हती.

सुतळीला सगळं उलगडलं. काकांचं कार्ड घेऊन आजोबा बेटावर गेले होते. यंत्राच्या मते काका बाहेर होते आणि आजोबा आत. आता काकांनी तोंड दाखवलं म्हणून तेही आत! म्हणजे आजोबा बाहेर आहेत, हे सांगणारं या एवढ्या मोठ्या जहाजावर कोणीच उरलं नव्हतं.

"गट्टू, पळ! आईला बोलाव!" आई सकाळपासून काकूच्या उशाशी होती. काकूला बोट इतकी लागली होती की तिला पाणीही पचत नव्हतं.

ब्रेकिंग आणि सुतळीने चौकशीचं टेबल गाठलं. "ताई, आमचे आजोबा बेटावर राहिलेत!"

ताईने पडद्यावर नजर टाकली. "सगळे प्रवासी जहाजावर आहेत."

"नाहीत! कार्डांची अदलाबदल झालीय!"

"बाळा, यंत्र चुकत नाही. आजोबा कुठेतरी कॉफी पीत असतील. आणि लहान मुलांनी इथे गर्दी करायची नाही हं." ताईने गोड हसून फोन उचलला. त्या गोड हसण्याचा सुतळीला असा राग आला की विचारू नका!

तेवढ्यात जहाजाने मोठा भोंगा दिला. खाली उतरायच्या दारापाशी तर धक्क्यावर टाकलेला पूल ओढून घ्यायची तयारी चालली होती. रखवालदार यंत्राची वायर काढायला वाकत होता. त्यालाही सांगून झालं. त्याने मानही वर केली नाही. "वरून निरोप आलाय, सगळे आले. बाजूला व्हा."

"आपलं कोणीच ऐकत नाही!" ब्रेकिंगचा आवाज रडवेला झाला. पहिल्यांदाच त्याच्याकडे खरीखुरी बातमी होती आणि ऐकणारा नव्हता.

"आपलं नाही ऐकत," सुतळी हळूच म्हणाली. "यंत्राचं ऐकतात. तू त्याला वायर काढू देऊ नकोस."

ब्रेकिंगने नाक पुसलं आणि ठो ठो करून ओरडला, "ब्रेकिंग न्यूज! रखवालदारकाका, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय! दोन्ही सुटल्यात!"

रखवालदाराने खाली पाहिलं. सुतळीने हात लांब करून आजोबांचं कार्ड यंत्रावर टेकवलं.

टिंग!

पडद्यावर आजोबांचा फोटो आला, त्यांचं टक्कल चमकलं आणि लाल दिवा लागला. एक प्रवासी जहाजाबाहेर! वरच्या मजल्यावर कुठेतरी घंटा वाजू लागली. "अगं ए! हे काय केलंस?" रखवालदार किंचाळला.

पांढऱ्या गणवेशातल्या अधिकारीबाई धडधड जिना उतरून आल्या. पाठोपाठ गट्टू आणि घाबरीघुबरी आई. सुतळीने एका दमात सगळं सांगून टाकलं. कार्ड, थैली, पाटी, छत्री. "मॅडम, यंत्र आत्ताच काय ते खरं बोलतंय!"

"सकाळी तुम्ही फोटो पाहिला नव्हता?" बाईंनी रखवालदाराला विचारलं.

"पाऊस होता, मॅडम... गर्दी होती... आणि टक्कल तर तसंच होतं!" तो पुटपुटला. खरं होतं ते. बापलेकांचं टक्कल एकाच साच्यातलं होतं.

बाईंनी फोनवर कप्तानाला जहाज थांबवायला सांगितलं. मग सुतळीकडे वळल्या. "ओहोटी लागायच्या आत निघावंच लागेल. शोधायचं कुठे त्यांना?"

सुतळी दारातून वाकून पाहू लागली. धक्का रिकामा होता. दुकानांची दारं लागली होती. पण पाण्यात लांबवर गेलेल्या दगडी बांधाच्या टोकाला, पावसात, एक काळा ठिपका होता. "छत्री!" ती ओरडली.

"चल," बाई म्हणाल्या. सुतळीने आईकडे पाहिलं. आईने तिला पुढे ढकललं. "जा. पळ!"

बांधावरचे दगड शेवाळलेले होते. सुतळी दोनदा पडली, गुडघा फुटला, तरी उठून धावली. बाई मागून हाका मारत होत्या. पावसाने पुढचं धड दिसत नव्हतं. टोकाच्या बाकावर आजोबा बसले होते, छत्री एका बाजूला कलली होती आणि अर्धे खांदे भिजले होते. शेजारी बाकावर दुसऱ्या माणसाला पुरेल एवढी जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

"आजोबा! जहाज सुटतंय!"

ते दचकले. "सुटतंय? अगं, अजून तास आहे. ते बघ, धक्क्यावरचं घड्याळ."

"ते बेटाचं घड्याळ आहे! उठा ना, आजोबा! उठा!" सुतळीला रडू आवरेना. आजोबांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. ते उठले. एका बाजूने सुतळीने आणि दुसऱ्या बाजूने बाईंनी हात धरला आणि ओहोटीच्या आधी तिघंही पुलावर चढले.

मग काय, कौतुकाला तोटा नव्हता! कप्तानाने स्वतः येऊन तिन्ही मुलांशी हात मिळवला. "माझ्या यंत्रापेक्षा तुमची डोकी भारी!" चौकशीच्या ताईने मान खाली घालून माफी मागितली. काका तर पांढरेफटक पडले होते. त्यांनी थैली गळ्यातून काढली आणि ज्याचं कार्ड त्याच्या हातात दिलं. शेवटी ते आजोबांसमोर आले. "बाबा, मी... घास होता तोंडात..." एवढंच म्हणून लहान मुलासारखे रडू लागले. ब्रेकिंगने ही बातमी कोणालाच सांगितली नाही.

संध्याकाळी बेट मागे पडलं. आजोबा डेकवर घोंगडी पांघरून बसले होते आणि सुतळी शेजारी. गुडघ्याची पट्टी ठणकत होती. पाऊस थांबला नव्हता. काय बोलावं याची काळजी सुतळीला आज वाटली नाही. तिच्या मनात एक प्रश्न मात्र टोचत होता.

"आजोबा, घड्याळ चुकलं, ते कळलं. पण जहाजाने भोंगा दिला होता. एवढा मोठा! तो ऐकू नाही आला?"

आजोबा समुद्राकडे बघत राहिले. "आला होता," ते म्हणाले.

"मग उठला का नाहीत?"

"म्हटलं, जाऊ दे जहाज." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "तुझी आजी असती तर तिने सगळं जहाज डोक्यावर घेतलं असतं. आता काय? मी नाही हे दोन दिवस कोणाला कळणारही नाही, असं वाटलं."

सुतळीने त्यांचा हात घट्ट धरला. तिला राग आला होता, आणि रडूही.

"पण आम्हाला कळलं!" ती ओरडलीच. "कळलं ना, आजोबा!"

"हो गं," आजोबा म्हणाले. "कळलं."

मग त्यांनी घोंगडीचं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं आणि बाकीच्या दोघांनाही बोलावून आणायला सांगितलं.