काळोख्या खोलीचा नियम

दार धाडकन उघडलं आणि तिची सकाळभराची मेहनत पाण्यात गेली.

"दारावरचा लाल दिवा दिसत नाही? की डोळे घरी विसरलात?" ती कडाडली. उंदराच्या डोळ्यातला नाजूक पडदा काळोखातच हाताळायचा, आतून 'या' आल्याशिवाय दार उघडायचं नाही – प्रयोगशाळेचा हा एवढाच कडक नियम.

"डोळे आणलेत," सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायला आलेला तो ओशाळून म्हणाला. "पण मंद उजेडात... संपावर जातात."

नंतर त्या सूक्ष्मदर्शकात सारखं काहीतरी बिघडू लागलं! तो बाहेरून ओरडायचा, "येऊ का, बाईसाहेब?" आणि ती मुद्दाम ताटकळत ठेवायची.

"एवढं काय बघतेस गं?" ओळख वाढल्यावर एकदा त्यानं विचारलं.

"कॅल्शियम. अंधारात या पेशींची दारं उघडी, ते आत झिरपत राहतं. उजेड पडला की दारं मिटतात, कॅल्शियम उतरतं... आणि ते उतरतं म्हणूनच पेशी उजेडाला सरावते."

"दारं मिटलीच नाहीत तर?"

"साचतं. पेशी मरते."

 "माझी मिटत नाहीत," तो म्हणाला. "मामाचंही असंच होतं. आता त्याला काहीच दिसत नाही."

त्याच्याशीच लग्न करणार म्हटल्यावर घरी तिच्या आईनं आकाशपाताळ एक केलं. "जाणूनबुजून विहिरीत उडी? उद्या हात धरून फिरवावं लागेल त्याला!"

"मग? हात धरायचाच तर आहे."

आणि आज काळोख्या खोलीत तोच पाय मागे घेत होता. "आई बरोबर बोलतात. एक दिवस तुझा चेहरासुद्धा..."

तिनं चाचपून नमुन्याच्या डबीचं झाकण लावलं आणि खोलीतला मंद लाल दिवाही विझवला. मिट्ट काळोख.

"आता मलाही दिसत नाही. बोल, पळाले का मी?"

तेवढ्यात दारावर थापा. "अगं, उघड! तो आत आहे ना?"

"थांब आई! नियम आहे इथला!"

काळोखात तो हसला... मग अगदी हळू, "येऊ का?"

"आयुष्यभर विचारतच बसणारेस? ये!"

बोटं बोटांना सापडली. ती घट्ट धरूनच तिनं दार सताड उघडलं. भक्कन उजेड आला, दोघांचे डोळे दिपले. आई मात्र डोळे विस्फारून त्या गुंतलेल्या हातांकडे बघत राहिली.

"बघ, आई, नीट बघ," हात न सोडता ती म्हणाली. "जरा वेळ लागतो. मग सरावतात डोळे."