बुडाला भोक असलेलं बॅरल

"माझ्या गुंडूनं पोटच्या पोरीला इख पाजलं म्हंत्यात, ताई!" बायडाबाई दारातूनच ओरडली.

कालिंदीताई कोल्हापुरात खाजगी तपासाची कामं करत. अंबादास त्यांचा मदतनीस. म्हातारीची कहाणी ऐकून दोघांनी तिच्यासोबत शाहूवाडीची एस.टी. पकडली.

तिथल्या डोंगरात बॉक्साइटची खाण होती आणि खाणीच्या कचऱ्याचा खड्डा गुंडू सांभाळायचा. यंत्रं धुवायच्या विषारी औषधाचं बॅरल रिकामं झालं, की बुडाला पहारीनं भोक पाडूनच खड्ड्यात टाकायचं, म्हणजे गावात कुणी पाणी भरायला नेणार नाही. तरी खाणीच्या स्टोअरकीपर सयाजीरावांच्या मुलीच्या लग्नात असल्याच बॅरलमधलं पाणी पिऊन वीस माणसं आजारी पडली. गुंडूची सहा वर्षांची लेक गेली. आणि पोलिसांनी गुंडूलाच आत टाकलं.

"मी बॅरल दिलंच न्हाय," गजांआडून गुंडू म्हणाला. "भोक पाडल्याबिगर माझ्या हातनं एकबी जात न्हाय."

"अरे, पोलिस म्हणतात त्या बॅरलला भोक आहेच की!" अंबादास हळहळला. भोक पाडायचं काम गुंडूचंच; पोरगा स्वतःच्याच तोंडानं अडकला होता.

स्टोअरात सयाजीरावांनी खुर्च्या पुढं केल्या. "बसा पावणं. बॅरल मीच मागितलं, गुंडूनं खड्ड्यातलं आणून दिलं."

"पाणी पुरलं?" ताईंनी विचारलं.

"पुरलं म्हंजे? सकाळी काठोकाठ भरलं, पंगती उठल्या तरी निम्मं हुतं की!"

"मग बॅरल कुठं गेलं?"

"मीच हितं आणून कुलपात ठिवलं. किल्ली माझ्याकडंच."

कुलूप काढल्यावर ताईंनी बॅरलच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बाहेर थांबलेल्या हवालदाराला, बायडाबाईला आत बोलावलं.

"हवालदार, बुडाला भोक असताना पाणी दिवसभर राहतं?"

"बुजवलं असंल."

"कशानं? डांबर नाही, चिंधी नाही. कडा चकचकीत आहेत, गंजाचा ठिपका नाही. लग्नात हे बॅरल धड होतं, म्हणजे खड्ड्यावर गेलंच नव्हतं. रिकामी बॅरलं खड्ड्याआधी इथंच येतात; ते ह्या स्टोअरातूनच गेलं. भोक पडलं नंतर, ह्या कुलपाच्या आत!" ताईंचा आवाज चढला. "चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तीही लेक गमावलेल्या बापाला!"

सयाजीरावांना घाम फुटला. "चारदा धुतलं हुतं... लग्नघरची अब्रू हुती, ताई..."

त्याच्या मुस्काटात द्यावी, असं अंबादासला वाटलं. पण बायडाबाई आधीच पुढं सरकली होती.

"अब्रू? तहान लागली म्हणून नात तुमच्याम्होरं आली, सयाजीराव. तुमच्याच हातानं तांब्या दिला तुमी तिला. आन् दुसऱ्या दिशी तिच्या बापाकडं बोट केलं."