तिकल्यांची डायल

सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी अकरा वाजता मनकर्णाकाकूंचं शटर पडलं आणि प्रतिभानं घाईघाईनं प्लग उचलला.

सौंसरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तेव्हा जुना बोर्ड होता. कुणी घरी फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याचं इवलंसं शटर खाली पडायचं. मग ऑपरेटरनं प्लग लावायचा, कोण हवं ते विचारायचं आणि जोडून द्यायचं. नंबर पाठ करायची कुणाला गरजच नव्हती. सगळ्या गावाचे नंबर प्रतिभाच्या डोक्यात होते.

काकूंचा फोन रोज दुपारी तीनला यायचा. कुणाला लावून मागायच्या नाहीत. "हायेस का वं पोरी?" एवढंच विचारायच्या आणि उत्तर ऐकून ठेवून द्यायच्या. मोहगाव रस्त्यावर संत्र्याच्या बागेत त्यांचं एकटं घर, मालक दोन वर्षांपूर्वी गेलेले, मूलबाळ नाही, त्यात दमा. दोनदा तर नुसती छातीची घरघर ऐकून प्रतिभानं डॉक्टरांना लावून दिलं होतं. अकरा वाजता काकूंचा फोन म्हणजे तिसऱ्यांदा तेच असणार!

"काकू? काय झालं काकू? दम लागला का?"

"दम तर लागला," पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, "पण मी काकू नाई."

प्रतिभानं हेडसेट कानावर दाबला. "कोण बोलून राहिले तुम्ही? काकू कुठाय?"

"घरीच असतीन त्या. मी खांबावर हाये… लाइन तपासून राहिलो. जरा खिडकीतून पाहा ना."

तिनं पाहिलं. समोरच्या खांबावर, कमरेला पट्टा बांधून, एक तरुण लटकला होता. कानाला टेस्टचा फोन, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू तो पाहुणचाराला आलाय.

"प्यायले पाणी मिळंल का, मॅडम?"

"पाणी पाहिजे तर खाली या अन् माणसासारखं मागा!" ती ओरडली. "बाईमाणसाच्या लाइनवरून असं भेव दाखवते का कोणी?"

तो खाली आला आणि माणसासारखं मागितलं. दोन तांबे पाणी प्यायला. तिनं काकूंच्या दम्याचं सांगितलं, तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी सुखदेव. पांढुर्ण्याचा. नवं एक्सचेंज बसवायले आलो."

"म्हणजे आमचं काढायले."

"…तसंबी म्हणता येते."

असा हा त्यांचा पहिला संवाद. प्रेमाची सुरुवात म्हणायला तशी कठीणच.

प्रतिभाला नोकरीची भीती नव्हती. पांढुर्ण्याच्या, परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर तिची बदली आधीच लागली होती. भीती होती ती एकच: मंगळवार, दहा मार्च, दुपारी बारा वाजता हा बोर्ड बंद होणार, त्यानंतर काकूंना दम लागला, तर ऐकायला कोण असणार?

"डायलवाला फोन लागेल ना त्यांच्याकडं," सुखदेव म्हणाला. "डॉक्टरचा नंबर दोनशे सत्तेचाळीस. तीन आकडे फिरवले की झालं."

"काकूले आकडे वाचता येत नाई."

सुखदेवनं वही चाळली. तारा, रिले, बॅटऱ्या, सगळ्याचं उत्तर त्याच्या वहीत होतं, याचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो वहीचं पान घेऊन आला. त्यावर त्यानं दहा आकड्यांसाठी दहा चित्रं काढली होती. चारला बैल, सातला विहीर…

"हा बैल हाये?"

"मग काय वाटून राहिला?"

"बकरी. तेबी आजारी."

दोघं हसले. दुपारी बोर्ड शांत असला की आता रोज हेच चालायचं. तो डायलचा एक सुटा फोन मांडीवर घेऊन बसायचा, ती हेडसेट अर्धा कानावरून सरकवून त्याच्या कल्पना मोडीत काढायची. खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास यायचा. बहार धरला होता, आणि बहारात काकूंचा दम नेहमीच वाढायचा. त्या वासानं प्रतिभाला एकाच वेळी बरंही वाटायचं आणि धास्तीही. कॅलेंडरवरचे दिवस मात्र भराभर सरत होते.

तिकल्यांची, म्हणजे कपाळावरच्या टिकल्यांची, कल्पना तिचीच. बाजारात दहा रंगांच्या तिकल्यांचं पाकीट पाहिलं आणि ती तिथंच थबकली. डायलच्या दहा भोकांना दहा रंग! डॉक्टरांच्या नंबरासाठी एका पुठ्ठ्यावर तीन तिकल्या ओळीनं लावायच्या. ज्या रंगाची तिकली, त्या रंगाचं भोक. वाचायची गरजच नाही.

"हे तर आमच्या इंजिनियरलेबी सुचलं नसतं," सुखदेव म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला.

दोघांनी डायल सजवायला घेतली. सातच्या भोकापाशी आले तेव्हा पाकिटातली मरून तिकली हरवलेली. प्रतिभानं क्षणभर विचार केला… आणि आपल्या कपाळावरची काढून तिथं चिकटवली. सुखदेवनं तिच्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं, मग पटकन डायलकडे पाहिलं. कान मात्र लाल झाले होते, ते त्याला लपवता आले नाहीत.

"प्रतिभा… बोर्ड बंद झाला की दुसऱ्या दिवशी मी वापस चाललो. तुमचीबी बदली तिकडंच… मी माह्या आईले तुमच्या घरी पाठवू का?"

तिचं काळीज इतक्या जोरात धडधडलं की हेडसेटमधून ते साऱ्या गावाला ऐकू जाईल असं तिला वाटलं. हो म्हणायचं होतं. पण जिभेवर आलं ते दुसरंच.

"काकूचा फोन लागू द्या पहिले."

त्यानं फक्त मान हलवली.

रविवारी दोघं बागेत जाऊन फोन बसवून आले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, तिकल्यांकडे बघत राहिल्या, हो-हो म्हणाल्या. चहा दिला. जरा गप्प वाटल्या, पण प्रतिभाला वाटलं, नवी वस्तू आहे, बिचकल्या असतील.

मंगळवारी बारा वाजता बोर्ड बंद झाला. त्या दुपारी सौंसरातली निम्मी मंडळी रिसीव्हर कानाला लावून नव्या डायल टोनच्या घूंऽऽ आवाजाला "प्रतिभाबाई, जरा अडत्याले लावा" असं सांगत बसली होती. एक्सचेंजात हसण्याचा कल्लोळ उडाला. प्रतिभा हसली नाही. तिचे डोळे घड्याळाला चिकटले होते.

तीन वाजले. सव्वातीन. साडेतीन. टेस्ट डेस्कवरचा, म्हणजे सुखदेवच्या लाइन तपासायच्या टेबलावरचा, फोन वाजला नाही. तिथला नंबरही, तीन-एक-एक, काकूंना तिकल्या लावून दिला होता.

"तुम्ही लावून पाहा," ती म्हणाली.

सुखदेवनं लावला. घंटी जात होती. कुणी उचलत नव्हतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"लाइन ठीक हाये?"

"लाइन ठीक हाये, प्रतिभा."

म्हणजे काकू ठीक नव्हत्या. ती उठली. सुखदेवनं खिशातून सायकलची चावी काढून तिच्या हातात ठेवली. "डॉक्टरले मी कळवतो. बाहेर गेले असतीन तर निरोप ठेवतो. तुम्ही जा. मी घंटी वाजवत राहतो, थांबत नाई."

चार किलोमीटर. दांडीवाली मर्दानी सायकल, साडीचा बोंगा, रस्त्यावरचे लोक बघतायत… तिला काही दिसत नव्हतं. डोळ्यांपुढे एकच चित्र: काकू जमिनीवर पडल्यात, हातात तिकल्यांचा पुठ्ठा, आणि बोट भोकापर्यंत पोचलं नाही. हे माझ्यामुळे, माझ्यामुळे, असं पायडलागणिक ती मनात म्हणत होती.

बागेच्या कुंपणापाशी तिनं सायकल टाकली. घरातून फोन वाजत होता. थांबला. पुन्हा वाजायला लागला. ओसरीवर काकूंच्या चपला होत्या, दार नुसतं लोटलेलं होतं.

"काकू!"

काकू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. जिवंत. चांगल्या धडधाकट. समोर खाटेवर फोन ठेवलेला, त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकलेला, आणि त्याखाली तो कोकलतोय.

प्रतिभानं रिसीव्हर उचलला. "बऱ्या हायेत. काकू बऱ्या हायेत…" एवढंच म्हणता आलं. ठेवला, आणि काकूंच्या शेजारी मटकन बसून रडायला लागली.

"नोको रडू वं माय," काकू म्हणाल्या. "म्या उचललाच नाई. सरकारी फोन खराब केला म्या. आता काढून नेतीन, दंड करतीन…"

प्रतिभानं लुगडं बाजूला केलं. डायलवर एकही तिकली उरली नव्हती. विळ्याच्या टोकानं खरवडलेली, आकड्यांवर ओरखडे.

"काहून काकू?"

काकूंनी पदर कपाळावर ओढला. "काल जेठाणी, थोरली जाऊ, आलती. म्हणे, मालक जाऊन दोन वर्सं झाले, अन् हिच्या घरात रंगीबेरंगी तिकल्या. म्हणे, आता बोटानं लावून पाहाची का? म्या रांड-मुंड बाई, पोरी. म्या तिकलीले हात लावू कशी?"

हे प्रतिभाच्या डोक्यातच आलं नव्हतं. यायचं तरी कसं? बुद्ध विहाराजवळच्या त्यांच्या वस्तीत, बाबा गेल्यावरही तिच्या आईनं, शांताबाईनं, एक दिवस तिकली सोडली नव्हती, आणि कुणी तिला त्याबद्दल विचारलंही नव्हतं. ज्या गोष्टीला काकू मरणाच्या दारातही हात लावणार नाहीत, तीच आपण त्यांच्या जिवाच्या वाटेवर चिकटवून आलो! लाजेनं तिला मान वर करवेना.

"तुमचा फोन कोणी नेत नाई, काकू. चूक माझी हाये." तिनं डोळे पुसले. "आता तुम्हीच सांगा. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तर किती दिवस झाले ते तुम्ही कसं ध्यानात ठेवता?"

काकूंनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथं सुतळी टांगली होती. "गोळी घेतली का एक गाठ."

प्रतिभानं सुतळीकडे पाहिलं, मग डायलकडे. मग काकूच आधी उठल्या. फोनच्या डायलवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पहिलं भोक, नाई का? इथून मोजाचं? मग दोन गाठी म्हणजे दुसरं भोक… एवढंच?"

"एवढंच, काकू."

सुतळीवर काकूंनी दोन गाठी मारल्या, अंतर सोडून चार, अंतर सोडून सात. डोळे मिटून चाचपल्या, पुन्हा मोजल्या. मग दुसरी सुतळी घेतली.

"आता पहिले तुह्या त्या बाबूले लावते."

"माझा कोणी बाबू नाई, काकू."

"म्या आकडे नाई वाचत. बाकी सारं वाचते," काकू म्हणाल्या, आणि तीन गाठी मारल्या. मग एक. मग आणखी एक. त्यांचं सुरकुतलेलं बोट भोकं मोजत गेलं. डायल घर्र करत फिरली, परत आली, फिरली… प्रतिभानं रिसीव्हरजवळ कान नेला.

"हॅलो, टेस्ट डेस्क."

"म्या लावला!" काकू एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की फोनची गरज पडू नये. "म्या स्वतः लावला! अन् हे घे, पोरीले बोलाचं हाये."

दिवसभरात दोनशे माणसांना जोडून देणारी प्रतिभा रिसीव्हर हातात घेऊन गप्प उभी राहिली. स्वतःसाठी तिनं आजवर कधी कुणाला फोन केलाच नव्हता.

"काकूचा फोन लागला," ती कसंबसं म्हणाली.

"लागला." तो म्हणाला. "प्रतिभा, त्या दिवशी मले वाटलं, तुम्ही टाळून राहिल्या."

"टाळत नोती. भेव वाटत होतं."

"काकूचं?"

"आतापर्यंत काकूचंच. पण आता काकू समोर चुलीपाशी चहा मांडून राहिल्या… तरी माझा हात कापूनच राहिला. तुम्ही उद्या चालले जाल, अन् मी हो म्हटलंच नाई, याचं भेव वाटून राहिलं मले." तिनं डोळे मिटले. "तुमच्या आईले पाठवा. लवकर पाठवा."

प्रतिभाला वाटलं, आपण फार बोललो.

"पाठवतो," तो लगेच म्हणाला. "उद्याची रजा टाकतो अन् स्वतः घेऊन येतो. पण तुमच्या आईले आधी तुम्ही सांगा. मले त्यांचं लई भेव वाटते."

ती हसली. हसता हसता पुन्हा डोळे भरून आले.

"अन् आता पाच वाजता सुटलो का तिकडंच येतो. सायकल तुमच्याजवळ हाये… पायीच येतो."

तिनं रिसीव्हर छातीशी धरला.

"काय म्हणते?" काकूंनी चुलीपाशी बसूनच विचारलं.

"येतो म्हणते."

काकूंनी मान डोलावली आणि चहाच्या भांड्यात आणखी एक कप पाणी ओतलं.