नदीच्या ओटीचा खण

नाव एकटीसाठी हवी, असं मी देवरामला फोनवर दोनदा बजावलं होतं. तरी चढते तर काय, एक तरुण आधीच बसलेला! पायाशी रिकाम्या बाटल्या, हातात जाळी.

“सर तो रोज आते हैं, पानी की जाँच करने. बैठ जाओ, बहनजी,” देवराम वल्हं उचलत म्हणाला.

कानोत्याचं धरण म्हणजे अडवलेली ढूंढ नदीच. श्रावणात पाणी काठोकाठ भरलेलं, पलीकडे टेकड्या हिरव्यागार... आणि अलीकडे वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या थाळ्या. मी नाक मुरडलं.

तेवढ्यात आईचा फोन. “ईश्वरी, खण नीट सोड गं पाण्यात. उद्या बाबांचं ऑपरेशन. नदीची ओटी भरल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.”

“सोडते, आई.”

बाबा फौजेत सुभेदार, त्यांच्या बदलीमुळेच आम्ही या हिंदी मुलखात. छातीवर गोळ्या झेलायला तयार असलेला माणूस, पण हृदयानंच दगा दिला होता. मी पिशवी उघडली. तांदूळ, नारळ, हळदकुंकू आणि हिरवा जरीकाठी खण.

“खण नका सोडू,” तो तरुण चक्क मराठीत म्हणाला.

“तुम्ही मराठी?”

“हो... मतलब, घरात. जन्म इथलाच. मी निलय. तांदूळ चालतील, मासे खातात. कापड नको.”

“तुम्हाला विचारलं कुणी?”

माझ्या बाबांचा जीव टांगणीला, आणि हा मला शिकवतोय! मी खण पाण्यावर धरलाही होता, तोच देवरामनं वल्हं थांबवलं. काठच्या गवतात एक पाणकावळा धडपडत होता. कुणीतरी वाहिलेलं लाल कापड कुजलं होतं, पण त्याच्या जरीची तार पक्ष्याच्या पायात आवळली होती.

“तुम्ही धराल? मी कापतो.” निलयनं खांद्यावरचा पंचा टाकून पक्षी माझ्या हातात दिला. तळव्याखाली त्याचं इवलंसं काळीज धडधडत होतं... मला बाबाच आठवले.

तार सुटली. पाणकावळा पाण्यावरून फडफडत गेला. मी मात्र खण हातात घेऊन रडत बसले.

“उद्या बाबांना काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. तुम्हालाही नाही!”

तो हसला नाही, समजावत बसला नाही. त्यानं दोन्ही हात पुढे केले. “मग खण माझ्याकडे द्या. नदीला मी सांगतो. दोष लागला तर... मला लागू दे.”

मी खण त्याच्या हातांवर ठेवला, आणि तांदूळ व चिमूटभर हळदकुंकू पाण्यात सोडलं. परतताना तो जाळीनं कचरा काढत होता, आणि मी माझ्या ओढणीत घेत होते. ओटी भरायला आले होते, अन् नदीची ओटी रिकामी करून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो दवाखान्यात हजर! कुठला दवाखाना, ते मीच बोलता बोलता सांगून बसले होते. बाकाच्या पार टोकाला बसला. शर्टाच्या खिशातून खणाचा हिरवा काठ डोकावत होता.

“कोण गं हा?” आईनं विचारलं.

मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं. आईनं पदर सावरला. मग उठली, त्याच्याजवळ गेली.

“सकाळपासून काही खाल्लंस का, बाळा?”

दुपारी दोनला डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं. आई भिंतीला टेकून रडू लागली. मी मात्र आधी त्याच्याकडे पाहिलं — तो पाठमोरा होऊन डोळे पुसत होता. त्या क्षणी मी त्याची झाले. त्याला हे सांगायला मला पुढे दोन महिने लागले, ही गोष्ट वेगळी.

माघात आमच्या क्वार्टरमध्ये साखरपुडा झाला. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. निलयच्या आईनं माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि वर... तोच हिरवा खण.

“हा तर नदीचा,” मी पुटपुटले.

“काल तिला विचारून आलो,” निलय हळूच म्हणाला.

“काय म्हणाली?”

“म्हणाली — दे तिला.”

मी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.