सुताराचा उद्या

वेल्ह्याच्या फाट्यावर मी बैलगाडीला हात केला, तेव्हा माझ्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं. पासलीला एका अडलेल्या बाईपाशी दोन दिवस काढले होते. भादव्यातला भुरभुर पाऊस, पायांत अडकणारं ओलं लुगडं, हातात औषधांची पेटी...

"नसरापूरला सोडाल?"

"सोडू की. पर वाशांवर बसावं लागंल, बाई." गाडीवाल्यानं उतरून आपलं घोंगडं लाकडांवर अंथरलं. "मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई न्हवं का?"

"हो. सगुणा." घोंगड्याच्या उबेनं माझी जीभ सैल झाली. "दवाखाना कसला, गळकी चाळण! भोंगवलीच्या कुणा कुंडलिक सुतारानं आमच्या चर्चच्या पाळकांना आषाढाआधी छप्पर नीट करून द्यायचा शब्द दिला होता. निरोप धाडला, की उत्तर एकच — उद्या. आपल्याच ख्रिस्ती मंडळीतला म्हणे!"

गाडीवाल्यानं बैलाची शेपटी पिरगाळली. "लई वंगाळ माणूस," तो म्हणाला.

"ओळखता तुम्ही?"

"व्हय... म्याच त्यो. ह्ये वासं तुमचंच हाईत."

मला हसू आलं. दोन दिवसांतलं पहिलंच.

दुसऱ्या दिवशी तो खरंच कामाला आला. दोन दिवसांचं काम, पण बाराव्या दिवशीही अर्धं छप्पर उघडंच. रोज एक वासा बसायचा. बाकीचा वेळ तो शिडीवरून खाली डोकावायचा, मी चहा दिला की कपातला शेवटचा घोट उगाच लांबवायचा.

"उद्या नक्की ना?" मी दटावायची.

"उद्या द्येवाच्या हातात, बाई."

"आणि रंधा कुणाच्या हातात?"

तो हसायचा... आणि मीही पदराआड हसायची.

खरं तर त्याला बोलायला मला तोंडच नव्हतं. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यातून मला पत्र आलं होतं. पक्की जागा, राहायला खोली, रविवारी सुट्टी. सहा वर्षं डोंगर तुडवून थकलेल्या जिवाला आणखी काय हवं? तरी दीड महिना मी उत्तर लिहिलं नव्हतं. रोज सकाळी गुडघे टेकायची, म्हणायची, "प्रभू, मार्ग दाखव." आणि उठून पत्राकडे न बघता कामाला लागायची.

मग एका दुपारी आभाळ फाटलं. उघड्या बाजूनं पाणी कोसळलं ते थेट गावातल्या ठकुबाईच्या सुनेच्या खाटेवर. चार दिवसांची बाळंतीण चिंब, बाळ गार पडून निळसर झालेलं. मी त्याला छातीशी धरून चोळत बसले. कुंडलिकनं ढलप्या पेटवून शेगडी आणली.

तासाभरानं बाळ रडलं. प्यायला लागलं.

ठकुबाई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सुतारदादा, अर्धं छप्पर म्हंजी छप्पर न्हाई."

तो ओट्यावर जाऊन बसला. मी बाहेर आले, तरी त्यानं मान वर केली नाही.

"काम म्या मुद्दाम लांबवलं," तो म्हणाला.

"का?"

"संपलं की घरला जायाचं. तितं कोण हाय माजं? आन् हितं... तुमी असता." त्यानं दाराकडे बोट केलं. "माज्या पायी ल्येकरू गेलं असतं."

"गेलं असतं," मी म्हणाले. मला राग आला होता, तो मी लपवला नाही. पण मग त्याच्या शेजारी टेकले आणि पत्राचं सगळं सांगितलं. "रोज देवाला विचारते," मी म्हणाले.

"आन् द्येव काय म्हंतो?"

देवानं केव्हाच सांगितलं होतं. मलाच ते ऐकायचं नव्हतं, म्हणून मी परत परत विचारत होते. प्रार्थनेच्या आडोशाला मी लपले होते.

आम्ही तिथंच डोळे मिटले आणि मोठ्यानं क्षमा मागितली. आधी त्यानं, मग मी. पाऊस थांबला तसा तो शिडी चढला आणि मी टाक-दौत घेतली.

दिवेलागणीच्या आधी शेवटचं कौल बसलं.

"काय लिवलं?" त्यानं ओट्याखालूनच विचारलं. आत यायचं धाडस नव्हतं.

"येत नाही म्हणून. पासलीपर्यंत दुसरी नर्स आहे कुठं?"

तो हत्यारं गोळा करू लागला. मी ओळखलं — हा माणूस हेही उद्यावर टाकणार.

"कुंडलिकराव, एक काम राहिलंय."

"कुठं गळतंय?"

"गळत नाही. विचारायचं राहिलंय. तुम्ही विचारता... की मी विचारू?"

त्याचे कान लाल झाले. "तुमी लई दमलेल्या दिसता, बाई..."

"दमलेच आहे. म्हणून तर यापुढं एकटीनं नको वाटतं."

तो अडखळला, थांबला, पुन्हा सुरू झाला. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी हो म्हणून बसले.

रविवारी उपासना आटोपल्यावर आमचे पाळक आनंदराव हसत म्हणाले, "छान झालं! आता तीन रविवार चर्चमध्ये तुमची नावं वाचू. कुणाची हरकत नसली, की लग्न."

"तीन?" कुंडलिक कासावीस झाला. "पाळकसायेब... एकाच रविवारी तीनदा वाचली तर न्हाई का चालायचं?"