सलग काच

त्या काळी माणसं भेटली की आधी एकमेकांच्या दंडाकडे बघत. दंडावर 'कवचा'चा निळा ठिपका असला तर शेजारी बसायचं, चहा घ्यायचा. नसला तर लांबूनच नमस्कार. नवा क्षय कुठल्याच औषधाला जुमानत नव्हता आणि त्याचे जंतू जवळजवळ प्रत्येकाच्या छातीत दडून होते. कवच ही लस त्यांना झोपलेलंच ठेवी. अधूनमधून एखादा जंतू जागा होऊन श्वासाबरोबर बाहेर पडे, पण समोरच्यालाही कवच असल्यानं कुणाचं काही बिघडत नसे. शाळा भरत होत्या, लग्नं लागत होती, लोक पुन्हा एकमेकांच्या ताटातलं उचलून खायला लागले होते. लाखात एखाद्याला मात्र ही लस बाधे. ऋतुजा शेवाळेला ती बाधली.

आधी डोळे लाल झाले, मग उजेड सोसेना, मग नजरेपुढे जाळं धरलं. थेंब झाले, गोळ्या झाल्या, डोळ्यांत सुया टोचून झाल्या. सूज उतरे, पुन्हा येई आणि प्रत्येक खेपेला नजरेचा एक तुकडा घेऊन जाई.

"माझे डोळे खातंय तरी कोण?" ऋतुजानं एकदा वैतागून विचारलं.

"तुमचेच पहारेकरी," डॉ. लतिका पुंडे म्हणाल्या. वाईला त्यांचा डोळ्यांचा दवाखाना होता आणि बोलताना हातातला चष्मा फिरवत राहायची त्यांना सवय होती. "रक्तातल्या काही पेशी शरीराचा पहारा करतात. आपलं काय, परकं काय, हे त्यांना लहानपणीच शिकवलेलं असतं. पण डोळा त्यांना कुणी नीट दाखवलेला नसतो. डोळा म्हणजे घरातली कुलूपबंद खोली. आत मारामारी झाली तर नजरच जाईल, म्हणून पहारेकऱ्यांना तिथं मज्जाव."

"मग हे शिरले कसे?"

"कवचानं त्यांना जंतूचं एक प्रथिन ओळखायला शिकवलं. तुमचं दुर्दैव असं, की डोळ्याच्या पडद्यात जवळजवळ तसंच एक प्रथिन आहे. चेहऱ्याला चेहरा जुळणारा. एकदा चवताळलेले पहारेकरी कुलूपबिलूप मानत नाहीत. ते आत गेले, त्यांना तिथं शत्रू दिसला आणि आता ते इमानेइतबारे त्याला मारतायत."

"आणि मी आंधळी होतेय."

"हो." खोटा धीर द्यायचा स्वभावच नव्हता बाईंचा.

उपाय एकच होता, त्याला 'पुसणी' म्हणत. त्या जातीचे सगळे पहारेकरी शरीरातून वेचून संपवायचे आणि पुन्हा जन्मणार नाहीत अशी तजवीज करायची. डोळे वाचत. पण कवचही जाई, तेही कायमचं, कारण पुन्हा लस टोचली की पुन्हा तेच पहारेकरी. ऋतुजाच्या छातीत जंतू नव्हता, एवढं तिचं भाग्य. दुसऱ्या कुणाचाही श्वास मात्र तिच्या जिवावर उठला असता. म्हणून पुसणी झालेली माणसं पाचगणीच्या बाजूला एका पठारावर काचघरांत राहत, जन्मभर. पूर्वी तिथं काचेला रबरी हातमोजे बसवलेले असत, आतल्या माणसाचा हात धरता यावा म्हणून. एका मोज्याला केसाएवढी चीर पडली आणि आतली बाई गेली. तेव्हापासून काच सलग.

"नजर गेली तर जाऊ दे," तिचा नवरा हेमंत म्हणाला. "मी आहे ना. घरात तर राहशील."

"तुझंमाझं बोलणं अंधारातही होईल रे. जुईशी कसं बोलू?"

जुई त्यांची नऊ वर्षांची मुलगी, जन्मापासून बहिरी. घरातलं बोलणं हातांच्या खुणांनी चाले आणि जुई तर भलतीच बोलघेवडी. शाळेतून आली की दप्तर पाठीवरच आणि हात सुरू. ऋतुजा मान वळवून तिच्या हातांकडे बघत राही आणि तव्यावरची भाकरी करपे. आता त्या हातांच्या जागी नुसत्या सावल्या हलत होत्या. ऋतुजा बोलली तर लेकीला दिसे. लेक काय म्हणते ते ऋतुजाला कळेना.

"काचेनं आवाज अडेल, खुणा कशाला अडतील?" ती डॉक्टरांना म्हणाली. "सगळ्या जगात माझी एकटीचीच मुलगी अशी आहे, जिच्याशी मला काचेतून पोटभर बोलता येईल."

डॉक्टरांनी चष्मा फिरवला. "जुईला विचारलंत?"

"पोरीला काय विचारायचं? आपलं बोलणं कळणारी आई हवी का न कळणारी?"

त्या दिवसांत जुईचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. तिच्या शाळेतली तबस्सुम रोज घरी यायची आणि दोघी तासन्‌तास अंगणात बसायच्या. एकदा ऋतुजा भिंतीला धरत धरत अगदी त्यांच्याजवळ गेली. जुईच्या डोळ्यांवर लाल ओढणी बांधलेली होती आणि तिचे हात तबस्सुमच्या हातांवर होते. आंधळी कोशिंबीर. इकडे आई आंधळी होतेय आणि लेकीला हाच खेळ सुचावा, याचं ऋतुजाला फार वाईट वाटलं. लहान आहे, म्हणून तिनं स्वतःचीच समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी जुईनं आईचे हात ओढून आपल्या हातांवर ठेवले आणि बोटं हलवायला लागली. बोटं घाईत होती, थरथरत होती. पोर घाबरलीय, तिला कुशीत यायचंय, असं वाटून ऋतुजानं तिला छातीशी धरलं. जुई सुटायची धडपड करत राहिली, पुन्हा पुन्हा आईचे हात ओढत राहिली. ऋतुजानं तिला आणखी घट्ट धरलं आणि दोघीही रडल्या. पुसणीच्या संमतीवर ऋतुजानं त्याच आठवड्यात सही केली.

पुसणी झाली. सूज ओसरली, जाळं विरलं. भेटीच्या पहिल्या दिवशी काचेपलीकडे हेमंत आणि जुई उभे होते आणि ऋतुजाला जुईच्या नखांवरचा अर्धवट उडालेला रंगसुद्धा दिसत होता. तिला इतका आनंद झाला की तिच्या खुणा एकमेकींत अडखळल्या. 'दिसतंय मला. बोल. सगळं सगळं बोल.'

जुई आईकडे बघत राहिली. मग तिचे हात सावकाश हलले.

'न बघता ऐकायचं मी शिकले होते. बोलणाऱ्याच्या हातांवर आपले हात ठेवायचे. डोळे बांधून तबस्सुमबरोबर करून बघितलं. सगळं कळतं. गोष्टसुद्धा कळते. बाबांनाही सांगितलं नाही, आधी तुला शिकवणार होते.' ती थांबली. 'मी तुला सांगत होते. तू मला नुसती धरूनच ठेवलीस.'

हेमंतला खुणा कळत होत्या. त्यानं काचेकडे पाठ फिरवली.

आपण विचारलं नाही, एवढंच ऋतुजाला कळत होतं, आणि पुसलेलं परत आणता येत नाही हेही.

'असं करायचं असतं,' जुईनं शेवटची खूण केली. मग डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात पुढे करून काचेला टेकवले.

'जुई,' ऋतुजानं खूण केली. 'जुई, इकडे बघ.' मिटल्या डोळ्यांना ती दिसणार नव्हती. जुईला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागे. ऋतुजानं तिच्या हातांसमोर आपले हात ठेवले. काच गार होती. पलीकडे जुईची बोटं पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, शिकवल्यासारखी बोलू लागली आणि मध्येच थांबून आईच्या हातांची वाट बघू लागली. ऋतुजाला त्यातलं एक एक बोट स्वच्छ दिसत होतं.