दाराबाहेरचे बूट

भास्करराव, दिवा राहू द्या जरा. सांगतो.

अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरात मी लतिकाला बर्लिन दाखवायला नेलं. तेव्हा मी डार्मश्टाटला डॉक्टरेट करत होतो. तिला पाचवा महिना. आधीचं एक पोटातच गेलेलं, म्हणून मी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होतो. "बाळ झाल्यावर कसलं फिरणं होतंय," असं म्हणून हट्टानं तीच निघाली.

ब्रांडेनबुर्ग दरवाजा पाहिला, पाय दुखेस्तोवर हिंडलो. चारलाच अंधारलं, तेव्हा उतरलो होतो त्या लॉजवर परतलो. इमारतीचा मागचा अर्धा भाग युद्धात गेलेला. कॉरिडॉरच्या टोकाचं दार खिळे ठोकून बंद, पलीकडे नुसती पोकळी. मालकीणबाई फ्राऊ क्रेमर म्हणाल्या, "बूट खोलीतच ठेवा हं."

पण लतिका कसली ऐकतेय! "अहो, बाहेरची घाण आत? काहीतरीच!" दोघांचे बूट दाराबाहेर राहिले.

सकाळी पाहतो तर चकचकीत पॉलिश. मी खूश होऊन खाली आभार मानायला गेलो. बाईंनी हातातली किटली खाली ठेवली.

"इथे आता पॉलिश करणारं कुणी नाही... योहान होता. पाहुणे बूट दाराबाहेर ठेवायचे, तो मागच्या खोलीत न्यायचा. बॉम्ब पडले त्या रात्री सगळे अनवाणीच तळघरात पळाले. बूट घेऊन योहान वर राहिला. वाचलं कुणीच नाही... पाहुण्यांचं एक लहान मूलही नाही."

मी धावत वर गेलो. लतिका दारात उभी, हातात इवलेसे बूट. "पहाटे दार उघडलं, तर आपल्या बुटांच्या मध्ये होते. कुणी तुडवेल म्हणून आत घेतले."

"आत नेलेत...?" मागून आलेल्या बाईंनी विचारलं, आणि तिच्या पोटाकडे पाहत राहिल्या. मी लतिकाचा हात धरला. ते इवलेसे बूट तिथेच टाकून आम्ही मिळेल त्या गाडीनं निघालो.

आमचा श्रीनाथ सुखरूप जन्मला. आता चार वर्षांचा आहे. इथल्या मुलांत वाढतोय; मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये देतो. पण पायात बूट म्हणून टिकू देत नाही. म्हणतो, "हे माझे नाहीत. माझे योहानकडे आहेत."

योहानचं नाव आम्ही घरात कधी काढलेलं नाही.

आज सकाळी आमच्या दाराबाहेर तेच इवलेसे बूट होते. बोट लावलं, तर पॉलिश ओलं. श्रीनाथनं ते आपणहून घातले. तेव्हापासून दाराशी बसलाय. लतिकानं त्याला घट्ट धरून ठेवलंय.

"कुठे निघालास, राजा?" मी विचारलं.

"घरी," तो म्हणाला. "तुमचे झाले, की निघू."

आमच्या दोघांचे बूट सकाळपासून सापडत नाहीयेत, भास्करराव.